दुधवेलीचं बी

आमच्या शिमन गावात अजून लोक म्हणतात, दुधवेल दुष्काळानं खाल्ली. अर्धंच खरं आहे ते. उरलेलं माझं कर्म, आणि ते तोंडानं सांगायला मला साठी उलटावी लागली.

बादशाही बुडायच्या आदल्या वर्षी गवत्या आला. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून गावानं हे ठेवलं. लाल दाढीचा, ताडमाड परदेशी. दिवसभर ताईहांग डोंगराचे कडे चढायचा आणि संध्याकाळी आमच्या अंगणात बसून पालापाचोळा कागदांत निजवायचा. बायका बाहीआड हसायच्या, "घरी बायको नसेल मेल्याला, म्हणून गवताचं अंथरूण घालतो!"

त्याला डोंगर दाखवायचे माझे सासरे, चाई युनहे. मुळं ओळखण्यात मामंजींचा हात धरणारा कुणी नव्हता. घर मात्र चालायचं सासूबाईंच्या हुकमावर. एकदा मामंजी हरखून म्हणाले, "सूनबाई, एका रोपट्यासाठी तासभर चिखलात पालथा पडला होता तो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याइतका खुळा भेटला बघ!"

"एक खुळा पोसवत नव्हता," सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "म्हणून दुसरा जेवायला आणलात."

दुधवेल आमच्या एका उतारावर व्हायची, दुसरीकडे कुठेच नाही. तिचं मूळ मोडलं की पांढरा चीक येतो. औषधवाले व्यापारी त्यासाठी आमचे उंबरे झिजवायचे आणि त्यावरच गाव खाऊनपिऊन सुखी होतं. निघताना गवत्यानं एवढंच मागितलं, पिशवीभर बी. मामंजींनी शब्द दिला. स्वतः वेचलं, पाखडलं, पिशवी भरली. "उद्या पहाटे द्यायची आहे, सांभाळ," मला म्हणाले आणि त्याच्यासाठी खेचरं बघायला खालच्या गावी गेले.

त्यांची पाठ वळली तशी सासूबाईंनी पिशवी माझ्यापुढे टाकली. "पाणी ठेव."

आमची जुनी रीत होती ती. वेशीबाहेर जाणारं बी आधी वाफेवर धरायचं. दिसायला जसंच्या तसं राहतं, पण उगवत नाही. आज्या-पणज्यांनी व्यापाऱ्यांना असंच गंडवलं होतं.

"पण मामंजींनी शब्द दिलाय..."

"शब्दाची पेज करून पिणार आहेस? त्याच्या मुलखात वेल लागली की आपल्या मुळांना कुत्रं विचारणार नाही."

लग्नाला दोन वर्षं झालेली, कूस रिकामी. सासूबाईंच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला जीव आसुसलेला. मी बी चाळणीत पसरलं, उकळत्या पातेल्यावर ठेवलं, वर झाकण घातलं. एक वाफ पुरते. मी दोन दिल्या. शिवाय निजायचा ओटा, एरवी थंडीतच खालून जाळ घालतो तो, तापवून त्यावर सुकवलं. सासूबाई म्हणाल्या, "हाताला वळण आहे हो तुझ्या." जळला मेला तो हात! त्या एका वाक्यावर मी महिनाभर मिरवले.

पहाटे गवत्यानं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि मामंजींपुढे कमरेत वाकला. मामंजींचे डोळे भरले. मी खाली बघत राहिले.

दहा वर्षांनी पाऊस रुसला. राळं करपलं, झाडांच्या साली खाऊन संपल्या, तेव्हा अख्खा गाव कुदळी घेऊन उतारावर गेला. करंगळीएवढी मुळंसुद्धा उपटली आणि त्यांच्या बदल्यात कोंडा आणला. मीही उपटली. दोन पोरं जगवायची होती, त्याची लाज मला नाही. सासूबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. पुढे पाऊस परतला, दुधवेल परतली नाही. मामंजी चार वसंत त्या उतारावर गुडघ्यांवर फिरले. एक पान दिसलं नाही. माझा थोरला बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला.

मग एक दिवस मामंजी ताडकन उठून बसले. "गवत्याकडे असेल की! त्यानं लावलीच असणार. मूठभर बी परत मागू." गवत्या पत्त्याचा कागद ठेवून गेला होता. शाळेतल्या फान मास्तरांना परदेशी लिपी येत होती, त्यांनी पत्र लिहिलं. गावात जान आली. इथं माझी पाचावर धारण बसली. सांगावं म्हणून चारदा तोंड उघडलं. चारही वेळा "मामंजी, पेज वाढू?" एवढंच बाहेर पडलं. दीड वर्ष तो म्हातारा खेचरवाल्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसला.

उत्तर आलं. मास्तरांनी खळ्यावर सगळ्यांपुढे वाचलं. "एकही दाणा उगवला नाही. तीन वर्षं खटपट केली. चूक माझीच असणार, जहाजात पेटीला ओल लागली असेल. तुम्ही विश्वासानं दिलेलं मला राखता आलं नाही. क्षमा करा."

"घ्या! गवत्याला गवत उगवेना!" कुणीतरी ओरडलं. "कशाला दिलंत काका त्या गाढवाला?" लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामंजींनी मास्तरांच्या हातून पत्र घेतलं.

घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. "मामंजी, त्याची काही चूक नाही. बी मी वाफवलं होतं. दोनदा."

"ठाऊक आहे."

मी कपाळ वर उचललं.

"थंडी पडायच्या आधी तुझ्या सासूनं कधी ओटा तापवला होता का? त्या रात्री परतून पाठ टेकली तेव्हाच समजलो. पण तिच्यापुढे माझी तरी जीभ कुठे उचलत होती? पहाटे गुमान पिशवी दिली त्याला."

"मग पत्र कशाला लिहिलंत?" मी जवळजवळ किंचाळलेच. "दीड वर्ष वाट कुणाची पाहिलीत?"

मामंजींनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"तुझ्या भरवशावर लिहिलं, सूनबाई. वाटलं, ही पोर माझ्या जातीची आहे. सासूची नजर चुकवून मूठभर तरी कोरडं ठेवलं असेल हिनं, पिशवीच्या तळाशी घातलं असेल."

मूठभर काढून ठेवलं असतं तर सासूबाईंना कळलंही नसतं. पण ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.