डॉक्टर ओसिंगरांच्या बोटाचा दोरा

डॉक्टर ओसिंगर गेल्याचं कळताच आल्बिन मास्तरांनी शाळेत रजा टाकली आणि थेट कबरस्तानातलं शवगृह गाठलं. जगणं हीच मुळात चूक, न जन्मलेल्याइतका सुखी कोणी नाही, हे डॉक्टर चाळीस वर्षं लिहीत होते. माइन नदीकाठच्या त्या गावात त्यांचं पुस्तक कुत्रंही हुंगत नव्हतं. मास्तरांनी मात्र ते उराशी धरलं आणि त्यापायी ओटिलीशी ठरलेलं लग्न मोडलं. आणखी जीव या जगात कशाला लोटायचे, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. ती आठवडाभर रडली आणि पुढं एका खोगीरवाल्याशी लग्न करून मोकळी झाली.

डॉक्टर फुलांत निजले होते. उजव्या हाताच्या बोटाला दोरा होता आणि तो भिंतीपलीकडे राखणदाराच्या खोलीतल्या घंटेला बांधलेला. जिवंत माणूस चुकून पुरला जाऊ नये म्हणून गावात सगळ्यांनाच तीन दिवस असं ठेवत.

"यांना मात्र सात दिवस," राखणदार क्नॉर म्हणाला. "मृत्युपत्रातच लिहिलंय. बहीण येऊन सही करून गेली. दोरा रोज दोनदा तपासा, म्हणे. जिवाला फार जपणारा गडी दिसतोय."

"तुमची गल्लत होतेय."

"मग हा कागद काय माझ्या आजोबांनी लिहिला?"

अक्षर डॉक्टरांचंच होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली, पण पाय निघेना. ते रोज येऊन क्नॉरच्या बाकावर बसू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. मास्तर धावत सुटले. त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"उठा, डॉक्टरसाहेब. एवढंच सांगा, ते सगळं खोटं होतं का?"

हात गार होता. क्नॉर सावकाश मागून आला.

"अहो मास्तर, अंग फुगलं की दोरा ओढला जातो. तीस वर्षांत इथून उठून कोणी घरी गेलेलं नाही. सरका बघू." त्यानं दोरा पुन्हा नीट बांधला.

मास्तर सरकून भिंतीला टेकले. आपलं आयुष्य फुकट गेलं, हे त्यांना आता लख्ख कळलं होतं.

"माझ्या वेळी मलाही सात दिवस ठेवाल?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठेवू की. फक्त सही करायला घरचं माणूस लागतं. बायको, मुलगा, कोणीही चालेल. कोण येईल तुमच्याकडून?"

"कोणी नाही."

"मग तीनच दिवस," क्नॉर म्हणाला.