पिवळी झारी

अम्मानच्या तमारा मॅडमनी आमच्या शेजारचं दगडी घर विकत घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर माती विकत आणली. पोत्यातली. अजलूनच्या डोंगरात, जिथे नखांतली माती काढता काढता बायका म्हाताऱ्या होतात, तिथे ही बाई पिकअपभर माती घेऊन आली. ती लाकडी खोक्यांत भरली आणि खोक्याखोक्यावर पाट्या लावल्या: 'मी टोमॅटो आहे', 'मी मिरची आहे'. झाडाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते, हे मला या वयात कळलं.

सगळा खटाटोप लेकीसाठी. लीन, आठ वर्षांची, काडीसारखी पोर. टोमॅटो कुठून येतो असं शाळेत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, फ्रीजमधून. मॅडमना म्हणे रडू कोसळलं. मग गावात घर, डोक्यावर सुपाएवढी टोपी, हातात फुलाफुलांचे मोजे आणि दर शनिवारी गावातल्या पोरांसाठी फुकट वर्ग: अन्न कुठून येतं. आयांनी पोरं धाडली, कारण वर्ग सुटल्यावर चॉकलेट मिळायचं.

माझ्या भावाची, मिफलेहची, मुलगी रहफ पहिल्याच शनिवारी गेली. मॅडमनी विचारलं, "सांग बरं, भेंडी कुठून येते?"

रहफ म्हणाली, "पहाटे आई पाठीत धपाटा घालून उठवते ना, तिथून."

मॅडम गोड हसल्या आणि त्यांनी फळ्यावर एक बी काढलं.

मला त्या हाजीबाई म्हणत. मी हजला गेलेले नाही. पण अम्मानच्या माणसांना डोक्याला रुमाल बांधलेली गावातली कुठलीही बाई हाजीच वाटते. माझं नाव वदहा. त्यांनी ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्यांच्या आणि माझ्या जमिनीत कमरेएवढा दगडी गडगा. गडग्याच्या अलीकडे माझी फक्कूसची पट्टी. फक्कूस म्हणजे काकडीची लांबडी, लवदार बहीण. मीठ लावून खा नाहीतर पोटात तांदूळ आणि खिमा भरून शिजवा. गावात आता सगळे पाकिटातलं बी आणतात, नळ्या लावतात, आणि पाण्याने फुगलेली, चव नसलेली फळं इर्बिदच्या बाजारात विकतात. आईचं जिरायती बियाणं राहिलं होतं एकट्या माझ्याकडे. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला, हिवाळ्यात उंदरांनी डबा फोडला. उरलेलं सगळं बी मी एप्रिलमध्ये लावलं. चोवीस वेल. यंदा एकही फळ खायचं नाही, विकायचं नाही, सगळं बियाला राखायचं. हे वेल गेले की आईचं फक्कूस गेलं, दुसरीकडे कुठे मागायला जावं अशी जागाच नाही.

या वेलांना पाणी घालायचं नसतं. हिवाळ्याचा पाऊस जमिनीत मुरवायचा, तीनदा नांगरायचं, आणि पेरल्यावर वरची चार बोटं माती कोळपून पिठासारखी भुसभुशीत ठेवायची, म्हणजे ओल खाली कोंडून राहते. मूळ ती ओल शोधत खोल जातं. वरून पाणी पडलं की मूळ आळशी होऊन वर येतं, माती टणक होऊन तडकते, ओल उडून जाते आणि वेलाचा बुडखा सडतो. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्या मातीवर पाय देत नाही.

मे महिन्यात एकदा लीन गडग्यावर कोपरं टेकून उभी राहिली. हातात पिवळी झारी.

"मावशी, तुम्ही झाडांना पाणी का नाही घालत?"

मी कोळपत होते. "तुझ्या आईला विचार. तिला सगळं येतं."

"त्यांना तहान नाही लागत?"

"आईच्या फळ्यावर बघ, लिहिलं असेल."

पोर झारी घेऊन परत गेली. मी ते संध्याकाळी मिफलेहला रंगवून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "सांगून टाकायचंस की. दोन शब्दांचं काम."

"का सांगू? ज्यांना पोत्यातली माती लागते, त्यांना फुकटचं ज्ञान पचत नाही."

"मी त्या बाईचं नाही बोलत, पोरीचं बोलतोय."

"त्याच वेलाची काकडी ती," मी म्हटलं आणि चहात साखर ढवळली.

लीनने त्यानंतर दोनदा विचारलं. एकदा मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "आमची झाडं अडाणी आहेत, त्यांना पाणी प्यायचं ठाऊक नाही." हेही मी गावभर सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. मॅडमच्या खोक्यांतली झाडं तोवर पिवळी पडली होती, कारण आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी संपलं की त्या टँकर मागवून रोज तीनदा झाडं बुडवत होत्या. गच्चीवरून हात दाखवून पोरांकडून पाणी घालून घ्यायच्या. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकलं होतं, ते आता समोर बघायला मिळालं. मला फार बरं वाटायचं.

जूनच्या शेवटी झरका शहरात बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मी नऊ दिवस गेले. वेलांची काळजी नव्हती. या दिवसांत त्यांना एकटं सोडलं की झालं.

परत आले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पिशवी दारात ठेवली आणि आधी पट्टीकडे गेले. माती काळी आणि टणक, मधोमध तडे. पानं भिजल्या फडक्यासारखी खाली लोंबलेली. एक वेल उचलला तर बुडखा हातात आला, मऊ आणि घाण वासाचा. मी खाली बसले.

गडग्यापलीकडून आवाज आला. "हाजीबाई, आलात? अहो, लीनने तुमची झाडं सांभाळली हं. रोज सकाळी, एकटीने, मी सांगितलंसुद्धा नव्हतं. मुलं मातीत रमली ना, की जबाबदारी आपोआप येते." मॅडमनी हात जोडून छातीशी धरले होते.

शिव्या माझ्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. एकेक निवडून द्यायची, असं मी ठरवलंही होतं. इतक्यात लीन गडगा चढून आली. झारी छातीशी धरलेली.

"ती मरतायत," ती म्हणाली. "मी खूप घातलं, तरी मरतायत. अजून घालायला हवं होतं का?"

"कुणी सांगितलं तुला घालायला?"

"कुणीच नाही. तुम्ही नव्हतात. मी तुम्हाला आधी विचारलं होतं." तिने बोटं मोजली. "तीनदा."

मी मागे पाहिलं. तेवीस वेल झोपले होते. चोविसावा, पार टोकाचा, ताठ होता. पानं खरखरीत, हिरवी. त्याच्याखाली एक फळ, हातभर लांब, पिवळसर होऊ लागलेलं.

"त्याला का नाही घातलंस?"

"तिथपर्यंत झारी पुरायची नाही." तिने झारी खाली ठेवली. "मला रोज त्याचं वाईट वाटायचं."

मॅडम पलीकडून काही विचारत होत्या. मी पोरीला म्हटलं, "चपला काढ. माझ्या पावलावर पाऊल ठेवून ये." त्या वेलापाशी नेलं. "इथे हात घाल. आणखी खाली. मनगटापर्यंत."

तिने घातला. वरची धूळ तापलेली होती. मग तिचे डोळे मोठे झाले.

"गार आहे. ओलं आहे." तिने हात तसाच ठेवला. "इथे कुणी घातलं पाणी?"

"हिवाळ्यात पाऊस पडला होता."

"तो अजून आहे?"

"आहे. वरून नाही घातलं तर राहतो."

ती बराच वेळ त्या तेवीस वेलांकडे बघत बसली. आठ वर्षांची पोर, पण हिशोब तिचा तिने केला, दिसत होतं. रडली नाही. हात मातीतून काढून तिने फ्रॉकला पुसला आणि विचारलं, "मग मला हे आधी का नाही सांगितलं?"

बियाला राखलेलं फळ कुणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधतात. मी रुमालाची कड फाडली आणि फळाच्या देठाला बांधायला घेतली. गाठ काही बसेना. पोर तिथेच उकिडवी बसून, माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट पाहत होती.