इकडे येऊ नका

नवऱ्याच्या माराला कंटाळून धाकटी घराबाहेर पडली, तेव्हा बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेने तिला ठेवून घेतलं. आसऱ्याचं घर कुठे आहे हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही असा तिथला नियम. धाकटीचा नवरा कॉम्प्युटरवाला आणि हात धुऊन मागे लागणारा. त्याला पत्ता मिळाला असता तर पुढचं बोलायलाच नको.

तिची थोरली बहीण वेबसाइटी करणारी; तिने संस्थेचीही हौसेने करून दिली. कोण कुठल्या खोलीत, घराचा पत्ता काय, हे सगळं कार्यकर्त्यांसाठी एका फोल्डरमध्ये ठेवलं. कार्यकर्त्या सारख्या पासवर्ड विसरायच्या, म्हणून संचालिकाबाई कावल्या आणि थोरलीने पासवर्डच काढून टाकला. त्याऐवजी, सर्च इंजिनचे रोबो साइटवर आले की आधी वाचतात त्या सूचनांच्या फाइलमध्ये तिने फोल्डरचं नाव घातलं आणि लिहिलं, इकडे येऊ नका. वर स्वतःवर खूशही झाली, शहाणी!

आज दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर साइट तपासणाऱ्या टेस्टरने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ही फाइल कुणीही उघडू शकतं. सभ्य रोबो ऐकतात. चोर आधी हीच वाचतो. दागिने कुठल्या डब्यात आहेत ते तू दारावर लिहून ठेवलंयस!"

थोरलीने तडक फोल्डर उडवला आणि साइटवर कोण येऊन गेलं ते पाहिलं. सकाळीच कुणीतरी ती फाइल उघडली होती आणि तिथून थेट फोल्डरमध्ये शिरलं होतं.

बाईंचा फोन लागेना. ती जिन्यात गेली, परत आली, खुर्चीत बसली, उठली. पुन्हा फोन, पुन्हा एंगेज. धाकटीचा नवरा आत्ता त्या घराच्या दारात उभा असेल!

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. धाकटीच होती.

"तो आला का गं?" थोरली ओरडलीच. मग एका दमात तिने सगळं सांगून टाकलं.

"ती फाइल सकाळी मीच उघडली, ताई. तो कुठल्याही साइटवर गेला की आधी तीच बघायचा. म्हटलं, त्याला काय दिसेल ते आपण बघावं. माझं नाव, माझी खोली, सगळं दिसलं. बाईंनी लगेच सगळ्यांना हलवलं. त्या गडबडीत तुला कळवायचं राहिलं."

थोरलीला रडूच फुटलं. "चुकलं गं माझं. कुठे आहेस आता? मी निघतेच."



"रागावू नकोस, ताई. पण ते तुला नाही सांगणार."

थोरलीने उचललेली पर्स परत टेबलावर ठेवली. "नकोच सांगूस," ती कशीबशी म्हणाली.