तारखेला चार दिवस

सात वर्षांच्या जागृतीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की ती मलूल होते, जिना चढताना धापा टाकते. म्हणून या वेळी सर्दीनंतर धाप लागली, तेव्हा तिच्या आईने, जयाने, आधी कॅलेंडर पाहिलं. तारखेला चार दिवस होते.

"रक्त कमी झालंय गं तुझं. गुरुवारी जाऊ, मग नाच हवं तेवढं."

"नाही नाचणार. तू व्हिडिओ काढतेस."

गुरुवारी कळव्याहून ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत जागृतीचे ओठ निळसर झाले होते. हिमोग्लोबिन नऊ आलं. दर वेळी ते सातवर आलेलं असायचं.

"रक्त कमी असल्याची धाप नाही ही," डॉक्टर म्हणाल्या. "व्हायरल न्यूमोनिया आहे. दोन्ही फुप्फुसं भरलीत. कधीपासून आहे?"

"रविवारपासून. पण तिला नेहमीच लागते, मॅडम."

"झोपल्यावरही?"

सोमवारपासून जागृती भिंतीला टेकून, बसूनच झोपत होती. जयाने ते सांगितलं.

"व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. इथे सही करा."

जयाने सही केली. "रविवारी आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि कागद घेऊन जयाकडे न बघता आत गेल्या.