दसऱ्याला मी आक्कांना फेकले

मी एक जुने घड्याळ आहे, पण मला काटे नाहीत आणि चावीही नाही. माझ्या गोल काचेवर हिरव्या उजेडाचे आकडे उमटतात. मित्रांनो, मला घडवणारे मगनभाऊ अमळनेरच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करत. १९८७ साली भंगारातून त्यांनी माझी ही गोल काचेची चित्रनळी आणली आणि आठ महिने वह्या भरून माझे सर्किट आखले. नळीला बाराशे व्होल्ट लागत. ते साठवायला कपॅसिटर बसवला. बंद केल्यावर तो साठा कुठे जाईल, हे मात्र एकाही वहीत नव्हते.

दसऱ्याला हत्यारे पुजतात. मगनभाऊंनी माझी पिन काढून मला पाटावर ठेवले. त्यांच्या आईने, म्हणजे धुरपदा आक्कांनी, पक्कडीला कुंकू लावले, मग एक हात माझ्या पत्र्यावर ठेवला आणि दुसऱ्याचे ओले बोट माझ्या उघड्या पाठीतून नेमके कपॅसिटरवर टेकवले.

"माय वं!"

आक्का तीन हात मागे जाऊन ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. कुंकू छताला लागले. मी सुन्न झाले. तोवर मी कुणाला साधी चुकीची वेळही सांगितली नव्हती.

मगनभाऊ माझ्या आकड्यांइतके हिरवे पडले. आक्कांनी बोट निरखले. "मगन, येना मझार देवी शे!" माझ्या आत म्हणे देवी आहे!

मी जिवंत आहे का, हे पाहायला मगनभाऊंनी मला चालू करून बंद केले. म्हणजे माझ्या पोटातला कपॅसिटर पुन्हा भरला. तेवढ्यात देवीची बातमी गल्लीभर पसरून दारात रांग लागली. सर्वांत पुढे शेजारचे जीवराम आबा. डॉक्टरांनी त्यांना जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितले होते, इतके हृदय नाजूक.

"मना गुडघा दुखस. माले बी एक झटका दे ना भाऊ."

"आबा, जीव जाई तुमना!"

"घड्याळ बंद शे ना? मंग काय व्हस?"

मित्रांनो, आठ महिने मगनभाऊंनाही असेच वाटत होते.

आबांचा हात पुढे आला. "थांबा, देवीना निवद बाकी शे!" म्हणत मगनभाऊंनी मला उचलून आत नेले. स्क्रूड्रायव्हर टेकवून साठा उतरवला. केवढी ठिणगी! मग कपॅसिटरला एक रेझिस्टर जोडला, बंद केल्यावर वीज आपोआप उतरावी म्हणून.

मला बाहेर आणताच आबांनी कपॅसिटरवर पाचही बोटे टेकवली. काहीच झाले नाही.

"मना गुडघा मोकया व्हई गया!" आबा ओरडले आणि काठी विसरून घरी गेले.

त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

आक्का मात्र पुढे दर दसऱ्याला लांब बांबूच्या टोकाला चिंधी बांधून मला कुंकू लावत. मित्रांनो, यंत्र बंद दिसले तरी त्याच्या पोटात हात घालू नका. बांबूएवढे अंतर ठेवा.