एफ वाजेना

माहेरी तिला सगळे ठमी म्हणत. वयाची त्रेचाळीस वर्षं झाली, मुलगी शिकायला परगावी गेली, तरी तिथे ती ठमीच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं काम चाले. काचेची कड घासून ती फ्रेममध्ये चपखल बसवायची, मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने धरून पिळायचे. केसभर चुकलं तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. वीस वर्षांत तिच्या हातून गेलेले फार थोडे चष्मे परत आले होते.

पण स्वतःच्या बोटांबद्दल तिचं मत वाईट होतं, आणि ते दादाने करून दिलेलं होतं.

ती सोळा वर्षांची असताना दादाने नवी गिटार घेतली आणि जुनी तिला देऊन टाकली. भाऊ असावा तर असा, असं आई महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत होती. ठमीने तीन कॉर्ड कसेबसे बसवले. एफ या कॉर्डपाशी गाडी अडली. त्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात, आणि उरलेल्या तीन बोटांनी त्यांतल्याच तीन तारा पुढच्या पट्ट्यांवर धरायच्या. सहा महिने ती झटली. बोटांची सालं निघाली, पण तारांतून खडखडाटाशिवाय काही निघेना.

"दादा, ही गिटार फार कडक आहे रे," ती एकदा म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडे," दादा म्हणाला. मग पाहुणे आले की तिचा पंजा धरून सगळ्यांना दाखवायचा. "ही बघा बोटं. देवाला त्या दिवशी घाई होती." लोक हसत. आईही हसे. ठमीने गिटार कपाटावर टाकली. पुढे कोणी चित्रकलेच्या वर्गाचं सुचवलं तेव्हा तिनेच नको म्हटलं. माझी बोटं आखूड आहेत, असं ती सांगायची. कोणी माझी नजर अधू आहे म्हणावं, तसं.

मुलगी गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठू लागलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे सर गिटार शिकवायचे. ठमी जिना चढून गेली.

"बोटं आखूड आहेत माझी," तिने आधीच सांगून टाकलं.

"मी तुम्हाला बोटं विचारली का?" सर म्हणाले आणि वर्गातली एक गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

दीड महिन्याने एफ आला. सरांनी शिकवलं की आडवं बोट सपाट दाबायचं नाही, किंचित कडेवर कलतं ठेवायचं. अंगठ्याने आवळत बसायचं नाही, कोपर अंगाशी घ्यायचं. पहिले काही दिवस दोन तारा मुक्या राहिल्या. मग एकच. पण माहेरच्या कपाटावरून घरी आणलेल्या जुन्या गिटारवर तोच हात तसाच्या तसा ठेवला तरी खडखडाट. तिला वाटलं, वर्गात सर आपली कीव करून बरं म्हणत असतील. तिने तसं त्यांना विचारलंच.

"ती गिटार घेऊन या उद्या," सर म्हणाले.

त्यांनी ती डोळ्यापाशी धरून एक डोळा मिटला आणि गिटारच्या लांब मानेवरून नजर टाकली. तारेखाली पेन्सिल सरकवली. ती आरपार गेली.

"मान वाकलीय हिची, तारा फार वर राहिल्यात. फार वर्षांपूर्वीच वाकलीय ही. हिच्यावर मला तरी एफ वाजतोय का बघा." त्यांनी धरून पाहिला. खडखडला. "कोणी दिली ही तुम्हाला?"

 त्या रविवारी ठमी ती गिटार घेऊन दादाकडे गेली. तो बाल्कनीत पेपर वाचत होता.

"ही वाकडी होती, तुला माहीत होतं?"

"अगं, म्हणून तर नवी घेतली," दादा म्हणाला. "चांगली गिटार नवशिक्याच्या हातात कोण देतं?"

"आणि माझी बोटं?"

"कसली बोटं?"

तिने आठवण करून दिली. तो हसला. "गंमत होती ती, ठमे. तू ती अजून धरून बसलीस? तशीही तू सोडलीच असतीस."

ती गिटार तिथेच ठेवून निघून आली. संध्याकाळी आईचा फोन आला. "एवढ्याशा लाकडासाठी भावाला बोलतात का? त्याने आपली वस्तू दिली, तुला त्याचं काहीच नाही?"

"तुलाही ठाऊक होतं का, आई?"

"मला त्यातलं काय कळतंय," आई म्हणाली, आणि वहिनीच्या गुडघेदुखीचं सांगू लागली.

दोन महिन्यांनी दादाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. हॉल माणसांनी भरला होता. दादाने नवी बातमी म्हणून सांगितलं, "आमची ठमी म्हणते, गिटारच वाकडी होती." हशा पिकला. वहिनीला मात्र राहवलं नाही. दादाने वाजवायला म्हणून हॉलवर आणलेली चांगली गिटार तिने स्टँडवरून काढून ठमीच्या हातात दिली. "वाजवा हो, वन्सं."

ठमीने सी वाजवला, मग ए मायनर, मग एफ. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. तिने तो पुन्हा वाजवला, सावकाश, एकेक तार सुटी करून.  तिने दादाकडे पाहिलं. गेले दोन महिने तिला एवढंच हवं होतं, त्याचा चेहरा पडलेला बघायचा.

दादाचा चेहरा पडला नाही. तो खुशीत उठला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा. पाया कोणी घातला? वाकड्या गिटारवर शिकली म्हणून आज असा हात बसलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी दादाची पाठ थोपटली. आईने डोळ्याला पदर लावला आणि शेजारच्या बाईंना म्हणाली, "लहानपणापासून फार जीव आहे त्याचा तिच्यावर."

ठमीने गिटार स्टँडवर ठेवली. चहा आला तेव्हा ती चपला शोधत होती.

पुढचे तीन आठवडे ती वर्गाला गेली नाही. चौथ्या आठवड्यात सर दुकानात चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले.

"येत नाही तुम्ही," ते म्हणाले.

"एफ झाला ना, तेवढाच हवा होता," ती म्हणाली. स्क्रू पिळून तिने चष्मा पुसला आणि त्यांच्या हातात दिला.