एकशे अठरा किलोमीटर

ऑफिसात सगळे त्याला धूरमास्तर म्हणायचे आणि तोही ते मनाला लावून घेत नसे. कामच तसं होतं. कुठे काही नवीन बांधायचं ठरलं, की त्यापायी हवेत किती कार्बन जाईल ते यानं मांडायचं. सिमेंट किती, लोखंड किती, जनरेटरला डिझेल किती. या खेपेला प्रस्ताव त्याच्याच गावात मोठं इस्पितळ बांधण्याचा होता.

आता गंमत बघा. इस्पितळ झालं तर किती धूर, हे मोजून भागत नाही. झालंच नाही तर किती, हेही मोजावं लागतं. म्हणजे आज चाललंय तेच: रुग्णवाहिकेनं पेशंटला घेऊन ब्याण्णव किलोमीटरवरच्या शहरात जायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन एकशे चौऱ्याऐंशी. इस्पितळ झालं की या फेऱ्यांचा धूर वाचणार.

या इस्पितळासाठी त्याचा जीव तुटत होता. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको याच रस्त्यानं गेली. तिच्या छातीत कळ आली तेव्हा हा परगावी एका कारखान्याची धुराडी मोजत बसला होता. गाडीत तिच्याजवळ सोळा वर्षांची लेक, दुसरं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी हा पोचला तेव्हा बायको घरात चादरीखाली होती. लेक म्हणाली, "बाबा, आम्ही वेळेत पोचलो होतो. आईला खिडकीजवळची खाट मिळाली. दोन डॉक्टर होते, त्यांनी खूप केलं."

मृत्यूच्या दाखल्याची कागदपत्रं मेव्हण्यानं केली, यानं ती कधी उघडूनही पाहिली नाहीत. खिडकीजवळची खाट! तीन वर्षं हा माणूस त्या खाटेच्या आधारावर जगला हो. जायची ती गेली, पण रस्त्यावर नाही गेली, एवढं तरी समाधान.

त्या दुपारी रुग्णवाहिकेची लॉगबुकं टेबलावर आली. साहेब म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा, मास्तर. दहा फेऱ्या घ्या, सरासरी काढा आणि मोकळे व्हा."

"सगळी शितं सारखी नसतात, साहेब," म्हणत त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. खोडच त्याची. एकशे चौऱ्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी, एकशे पंच्याऐंशी. आणि मधेच एकशे अठरा.

"ड्रायव्हरची चूक असेल," साहेब वाकून बघत म्हणाले. "एकशे चौऱ्याऐंशी धरा, नाहीतर शेऱ्यात कारण लिहा." आणि ते चहाला गेले.

मग त्यानं तारीख वाचली, तीन वर्षांपूर्वीची तीच. पुढे लिहिलं होतं: स्त्री, वय त्रेचाळीस.

त्यानं मीटरच्या आकड्यांची वजाबाकी तीनदा केली. पुढच्या फेरीचा आकडा ताडून पाहिला, तोही जुळला. एकोणसाठ जाताना, एकोणसाठ येताना. गाडी शहरात पोचलीच नव्हती.

घरी लेक त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. त्यानं चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच विचारलं, "गाडी कुठून परत फिरली, बाळा?"

तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? पण या पोरीनं तीन वर्षं ते एकटीनं झाकून धरलं होतं.

"पेट्रोल पंपाच्या पुढे," ती म्हणाली. "आईचा हात एकदम ढिला पडला. मी ओरडले. ड्रायव्हरकाकांनी गाडी बाजूला घेतली, मागे येऊन पाहिलं. मग म्हणाले, ताई, पुढे न्यायचं की घरी, तू सांग."

"तू सांग? सोळा वर्षांच्या पोरीला?"

"मी म्हणाले, घरी." तिनं शर्टाची कॉलर मुठीत धरली. "पण बाबा, काका काय डॉक्टर होते? आई खरंच गेली होती का? तेहेतीसच किलोमीटर राहिले होते. पुढे नेलं असतं तर?"

"ते मी ठरवायचं होतं गं," तो म्हणाला. "तुझ्यावर नको होतं यायला." मग दोघंही तिथेच, त्या अर्धवट इस्त्री झालेल्या शर्टापाशी, लहान मुलांसारखी रडली.

सकाळी साहेबांनी विचारलं, "ती चुकीची नोंद काढलीत ना?"

"नोंद बरोबर आहे, साहेब. कारण लिहितो."

अंतराच्या रकान्यात त्यानं एकशे अठरा ठेवलं. शेऱ्यात लिहिलं: पेशंट वाटेत मृत, मुलीच्या सांगण्यावरून गाडी परत. लिहिलेलं बराच वेळ वाचत राहिला. मग 'मुलीच्या' हा शब्द खोडून त्यानं तिथे 'पतीच्या' असं लिहिलं आणि खाली सही केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यानं अहवालात लिहिलेलं हे एकच खोटं.